मैदानावरचे काका

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मांजरी बुद्रुकला आमच्या मंडळाच्या खोलीत कार्यकारिणीची बैठक झाली. खोली म्हणजे पत्र्याची शेडच. मधोमध लोखंडी टेबल, भिंतीवर संघांचे जुने फोटो, कोपऱ्यात फक्कीची दोन पोती आणि त्यांना टेकून ठेवलेले खो-खोचे खांब. विषयपत्रिकेवर पाच विषय होते. तिसरा असा लिहिला होता : ‘सहायक प्रशिक्षिकेचे पद व मानधन चालू ठेवण्याबाबत.’ ‘चालू ठेवण्याबाबत’ असे लिहिले की तो विषय बंद करण्याबाबतचा असतो, हे मंडळाच्या कामात केस पांढरे झालेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

मी कार्यकारिणीवर नाही. पण १९८६ ते २००८ अशी बावीस वर्षे मी याच मंडळाच्या मुलींच्या खो-खो संघाचा सहायक प्रशिक्षक होतो. सहायकाबद्दल काय ते सहायकालाच विचारावे, असे अध्यक्षांना वाटले असावे. म्हणून मला निरोप आला.

खजिनदारांचे म्हणणे सरळ होते. यंदा मुली जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरल्या. जुने सर गेले, नवे सर आले. नव्या सरांकडे पदविका आहे, उमेद आहे, आणि ‘मी एकटा पुरेसा आहे’ असे ते स्वतःच म्हणतात. मग सहायक प्रशिक्षिकेला महिना तीन हजार रुपये कशासाठी द्यायचे? तेवढ्यात वर्षभराचे बूट येतील. यावर दोघा-तिघांनी माना डोलावल्या. बुटांचे नाव काढले की आमच्याकडे कुणी विरोध करत नाही.

मी काय बोललो ते पुढे येईलच. पण त्या टेबलाशी बसल्या बसल्या माझ्या मनात जे काही येऊन गेले, ते सगळे तिथे बोलता आले नाही. रविवारचा अंक वाचणाऱ्या मंडळींना फुरसत असते, म्हणून इथे सांगतो.

मांजरी म्हटले की बाहेरच्या माणसाला हल्ली लस आठवते. त्याआधी साखरवाल्यांना वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवायची, द्राक्षबागाईतदारांना द्राक्ष संशोधन केंद्र. आमच्या आईच्या पिढीतल्या बायकांना मात्र आठवायची ती मांजरीची वांगी. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले. उसाच्या फडांच्या जागी बारा-बारा मजली इमारती उभ्या राहिल्या. पण मी सांगतो ते दिवस रेल्वे फाटकाचे. फाटक पडले की अर्धा संघ अलीकडे आणि अर्धा पलीकडे. पहिले पंधरा मिनिटे सराव म्हणजे वाट पाहणे.

त्या काळी आमच्या मैदानावर एक पद्धत पडून गेली होती. मुख्य प्रशिक्षकाला सगळ्या मुली ‘सर’ म्हणत आणि मला ‘काका’. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होतो. साडेपाचला सुटलो की सायकल थेट मैदानावर. सर शिट्टी वाजवत, मी फक्की मारत असे. सर बक्षीस समारंभात स्टेजवर बसत, मी खाली चपला सांभाळत असे. माझी पत्नी एकदा म्हणाली, ‘अहो, पेपरात संघाचा फोटो आलाय. तुमचा डावा हात तेवढा दिसतोय बघा.’ तो फोटो अजून शेडच्या भिंतीवर आहे, आणि हातही आहे.

सहायकाचे काम काय असते? खो-खोच्या संघात बारा मुली असत, खेळत नऊ. सरांची नजर त्या नऊ जणींवर असते आणि असायलाच हवी. उरलेल्या तिघी सहायकाच्या. त्या तिघींना रोज असे वाटत असते की आपण उगाच येतो. त्यांच्याकडून चौकात बसून उठण्याचा सराव करून घ्यायचा, खांबाशी वळण घेताना पाय कुठे पडतो ते दाखवायचे, आणि त्यांच्यातली एखादी येईनाशी झाली तर तिच्या घरी जाऊन चहा प्यायचा. चहा पिताना खेळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शेतात काय लावले ते विचारायचे, आजी कशा आहेत ते विचारायचे. उठताना फक्त म्हणायचे, ‘उद्या पाठवा हं.’ आमच्या बारातल्या अशा किती तिघी पुढे नवात आल्या, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण संघ टिकला तो त्यांच्यावर. पुढच्या वर्षी नऊपैकी चौघींची लग्ने व्हायची, आणि तेव्हा मैदानात उतरायला कुणीतरी तयार लागायचेच.

आमच्या गावाजवळूनच, सोलापूर रस्त्याने, तुकोबांची पालखी लोणीकडे जाते. कीर्तनात बुवा पुढे उभे असतात आणि मागे टाळकरी. बुवांना ठसका लागला की टाळकरी धृपद उचलून धरतात. ऐकणाऱ्याला खंड पडल्याचे कळतही नाही. मागे उभे राहणाऱ्याला पूर्ण कीर्तन पाठ असावे लागते, हे लहानपणी मला माहीत नव्हते. मैदानावर गेल्यावर समजले.

माझ्याकडे एक वही असे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. प्रत्येक मुलीला एक पान. कुणाचा घोटा कधी मुरगळला, कुणाला डाव्या बाजूने वळता येत नाही, कुणाच्या घरी संध्याकाळी सातनंतर चालत नाही, कोण दुपारी जेवून येत नाही. काही गोष्टी मुली मला सांगत नसत, सांगणे शक्यही नव्हते. अशा वेळी माझी पत्नी मैदानावर चक्कर मारून जायची आणि रात्री मला म्हणायची, ‘अमकीला उद्या परवा सूर मारायला लावू नका.’ मी कारण विचारत नसे. वहीत ते दोन दिवस कोरे सोडत असे. म्हणजे सहायकालाही एक सहायक होती, आणि तिला तर मानधन सोडाच, डाव्या हाताचा फोटोही मिळाला नाही.

बावीस वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत चार सर आले नि गेले. पहिले प्रेमळ होते आणि म्हातारे झाले होते. दुसरे शहरातून आले. खेळाची जाण मोठी, हात लावतील तिथे सोने. आल्या आल्या त्यांनी सांगितले, ‘आतापर्यंतचे सगळे विसरा, आपण शून्यापासून सुरू करू.’ मी त्यांच्या हातात वही ठेवली. त्यांनी ती टेबलाच्या खणात ठेवली. त्या वहीत एका मुलीच्या पानावर लाल शाईने लिहिले होते : ‘उजवा गुडघा. दिवाळीपर्यंत खांबावर सूर नाही.’ ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी सरांनी तिला खांबावर सूर मारायला लावला. पहिल्यांदा जमला. दुसऱ्यांदा जमला. तिसऱ्या वेळी ती उठली नाही.

त्यात सरांची चूक होती असे मी अनेक वर्षे सांगत आलो. आता वयाची सत्तरी उलटल्यावर थोडे खरे बोलावे. मी तिथून दहा पावलांवर उभा होतो. हातात फक्कीची बादली होती. पहिल्या सुरानंतर मी ‘सर, थांबा’ म्हणू शकलो असतो. चारचौघांत सरांना कसे अडवायचे, या संकोचात मी गप्प राहिलो. ती मुलगी वर्षभर मैदानापासून दूर राहिली, आणि त्या वर्षात घरच्यांनी तिचे लग्न ठरवले. ती परत आली नाही. सहायकाची लायकी कशात, याचे उत्तर मला त्या संध्याकाळी सापडायला हवे होते. वही लिहिणे हे निम्मे काम. ती उघडून मोठ्याने वाचणे हे उरलेले निम्मे, आणि तेच जड असते.

तिसरे सर अगदी उलट निघाले. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘काका, तुमची वही द्या, रात्री वाचून उद्या परत करतो.’ दुसऱ्या दिवशी पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. एका मुलीबद्दल मी लिहिले होते, ‘भित्री, संरक्षणात कच्ची.’ त्यांनी विचारले, ‘हे कधी लिहिलेत?’ मी म्हणालो, तीन वर्षांपूर्वी. ‘मग नंतर परत कधी पाहिलेत?’ मला उत्तर देता आले नाही. त्या मुलीला त्यांनी पहिल्या तुकडीत उतरवले. त्या हंगामात आमच्याकडे तिच्याइतका वेळ नाबाद राहणारी दुसरी मुलगी नव्हती. जुना माणूस संघाची आठवण असतो हे खरे, पण आठवणीला बुरशीही येते. माझ्या वहीत ती आली होती. नवा माणूस येतो तो यासाठी उपयोगी असतो. फक्त त्याने वही खणात न टाकता वाचली पाहिजे.

आता कुणी म्हणेल, हे गावच्या मैदानातले झाले, मोठ्या संघांचे गणित वेगळे असते. मला तसे वाटत नाही.

फेब्रुवारी १९८८ मधली आझाद मैदानावरची ६६४ धावांची भागी मराठी घरात ठाऊक नाही असे कोण आहे? हॅरिस शिल्डचा सामना, शारदाश्रमची दोन पोरे. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. त्या दिवशी आचरेकर सर मैदानावर नव्हते. सीमारेषेवर होते त्यांचे सहायक. डाव घोषित करा, असे ते ओरडून आणि हातवारे करून सांगत होते, आणि दोघे पोरे तिकडे बघतच नव्हती. अखेर सरांशी फोनवर बोलणे झाले तेव्हा कुठे डाव थांबला. ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात. मीही हसतो. पण प्रत्येक वेळी मला तो सीमारेषेवर हात हलवणारा माणूस दिसतो. सर नसताना संघ घेऊन मैदानावर आलेला.

त्याच डावात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला एक मुलगा होता : अमोल मुजुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे १९९४ मध्ये रणजी पदार्पणात त्याने हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, मुंबईला २००६-०७ ची रणजी करंडक स्पर्धा जिंकून दिली. पण भारतीय संघात त्याला कधी जागा मिळाली नाही. वाट पाहण्यात मुरलेला असा माणूस ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

त्याआधीच्या पाच वर्षांत त्या संघाची काय अवस्था होती ते पाहा. २०१८ मध्ये तुषार आरोठे गेले, रमेश पोवार आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोवार जाऊन डब्ल्यू. व्ही. रामन आले. रामन यांच्या काळात संघ २०२० च्या टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. २०२१ मध्ये रामन गेले, पोवार परत आले. २०२२ च्या डिसेंबरात पोवार गेले आणि आपल्या पुण्याचे हृषीकेश कानिटकर फलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी अधूनमधून सगळा संघच सांभाळला. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले तेव्हा संघाबरोबर तेच होते. हे सगळे जाणते लोक. एकाचेही ज्ञान कमी नव्हते. पण मुलींच्या बाजूने विचार करा. दर दीड-दोन वर्षांनी कुणीतरी येऊन सांगणार, ‘आतापर्यंतचे विसरा.’

मुजुमदार आल्यावर लगेच सगळे गोड झाले असे मुळीच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकात संघ गटातूनच बाहेर पडला. पूर्वीचा रिवाज पाहता त्यांची उचलबांगडी व्हायला हरकत नव्हती. झाली नाही. मग २०२५ चा एकदिवसीय विश्वचषक आपल्याच देशात झाला, आणि साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे तीन पराभव लागोपाठ पदरी आले. इंग्लंडकडून तर चारच धावांनी. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर प्रशिक्षक बदलण्याचा ठराव जवळजवळ एकमताने मंजूर झाला होता, आणि ठराव मांडणाऱ्यांत मीही होतो. बावीस वर्षे सहायक राहून ही माझी अक्कल!

संघाने मात्र कट्ट्याचे ऐकले नाही. मुजुमदार राहिले. गोलंदाजीचे प्रशिक्षक आविष्कार साळवी राहिले, क्षेत्ररक्षणाचे मुनीष बाली राहिले. इंग्लंडविरुद्ध वगळलेली जेमिमा रॉड्रिग्ज पुढच्याच सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध परतली आणि तिने नाबाद ७६ धावा काढल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. वगळलेली मुलगी चार दिवसांत अशी उभी राहते तेव्हा मधल्या चार दिवसांत तिच्याजवळ कोण कोण बसले असेल, हे मला ठाऊक नसले तरी मी ओळखतो. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली. शफाली वर्मा, दीप्ती शर्मा, हरमनप्रीत यांची नावे घरोघर गेली, मुजुमदारांचेही गेले. साळवी हे नाव किती घरांत पोचले? हा मुंबईचा वेगवान गोलंदाज २००३ मध्ये भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळला होता. त्या रात्री त्याच्या हाताखालच्या मुलींनी प्रतिस्पर्ध्यांना २४६ धावांत गुंडाळले.

नावाचे सोडा, पैशाचे काय? खजिनदारांच्या तीन हजारांवरून मला राहुल द्रविडची एक गोष्ट आठवली. २०१८ मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील मुलांनी विश्वचषक जिंकला. क्रिकेट मंडळाने बक्षिसे जाहीर केली : प्रशिक्षक द्रविडला ५० लाख, खेळाडूंना प्रत्येकी ३० लाख, आणि सहायक मंडळींना प्रत्येकी २० लाख. काम सगळ्यांनी सारखे केले, मग मला जास्त का, असे द्रविडने विचारले. शेवटी द्रविडसकट सगळ्या प्रशिक्षक मंडळींना सारखेच २५-२५ लाख देण्यात आले. म्हणजे स्वतःचे निम्मे घालवून त्याने सहायकांचे वाढवून घेतले. २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकल्यावरही त्याने तेच केले. त्याच्या वाट्याला आलेले पाच कोटी नाकारून इतर प्रशिक्षकांइतकेच, अडीच कोटी घेतले.

हा नुसता मनाचा मोठेपणा नव्हता, असे मला वाटते. तो हिशेब होता. २०१८ च्या मुलांचा गोलंदाजी प्रशिक्षक होता मुंबईचा पारस म्हांब्रे. तोच म्हांब्रे भारत ‘अ’ संघात द्रविडबरोबर, बंगळुरूच्या राष्ट्रीय अकादमीत त्याच्याबरोबर, आणि २०२१ पासून मुख्य संघातही त्याच्याबरोबर. १९ वर्षांखालील संघात ज्या मुलांचे खांदे आणि पावले त्याने पाहिली होती, त्यांतली काही वर आली तेव्हा तिथे तो हजर होता. कुणाला काय शिकवायचे याची सुरुवात ‘नाव काय तुझे’ इथून करावी लागली नाही. आमच्या दोनशे पानी वहीचीच ही मोठी आवृत्ती. आणि त्याच संघात कर्नाटकातल्या कुमठ्याचा राघवेंद्र होता, जो वर्षानुवर्षे नेटमध्ये पळीसारख्या साधनाने चेंडू फेकत आला आहे. २०१३ नंतर भारतीय फलंदाज वेगवान माऱ्याला चांगले खेळू लागले ते त्याच्यामुळे, असे विराट कोहलीने जाहीरपणे सांगितले. मधल्या काळात मुख्य प्रशिक्षक किती बदलले! फेकणारा हात तोच राहिला.

साता समुद्रापलीकडची एक गोष्ट सांगतो आणि बैठकीकडे परत येतो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल हा फुटबॉलचा क्लब. १९५९ च्या अखेरीस बिल शँक्ली नावाचा व्यवस्थापक तिथे आला तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. नवा माणूस आला की आधी जुन्यांना घरी पाठवतो. शँक्लीने तसे केले नाही. आधीपासून असलेले बॉब पेस्ली, जो फॅगन ही सहायक मंडळी त्याने ठेवून घेतली. हे लोक बूट ठेवण्याच्या एका लहानशा खोलीत बसून चहा पीत आणि खेळाडूंबद्दल बोलत. रोजचा सराव काय घेतला, कुणाला कुठे दुखले, याच्या वह्या ते लिहीत. १९७४ मध्ये शँक्ली निवृत्त झाला तेव्हा क्लबने बाहेरून मोठे नाव आणले नाही. पेस्लीला खुर्चीवर बसवले. पेस्लीने नऊ वर्षांत सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन कप जिंकला. त्याच्यानंतर फॅगनला बसवले, त्याने पहिल्याच वर्षी युरोपियन कप आणला. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला आमची शेड आठवली. आमच्या शेडमधून युरोपियन कप निघणार नाही हे मलाही कळते. पण वह्या त्याच, आणि चहाही तोच.

तर, बैठक.

आमच्या सहायक प्रशिक्षिकेला मुली ‘ताई’ म्हणतात. ती माझ्या शेवटच्या संघातली. दिवसा औषधांच्या दुकानात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी मैदानावर येते. नऊ वर्षांत तिच्यासमोर तीन सर झाले. मला जे पत्नीमार्फत कळून घ्यावे लागे, ते मुली तिला थेट सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, मुलांनी ५४-३६. मुलांचा कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर आणि मुलींची कर्णधार पुण्यातच घडलेली प्रियांका इंगळे. ज्या खेळाचे नियम १९१४ मध्ये याच शहरातल्या डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले, त्याचा हा दिवस. त्या रात्री ताईने आमच्या सगळ्या मुलींना स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात बोलावून सामना दाखवला. दुसऱ्या दिवसापासून आठ नव्या मुली मैदानावर येऊ लागल्या. या आठ जणींचा हिशेब खजिनदारांच्या कागदावर नव्हता.

मी उभा राहिलो आणि थोडक्यात बोललो. म्हणालो, नवे सर म्हणतात तसे मैदानावर दोन मते नकोत, हे अगदी बरोबर आहे. मुलींसमोर सरांचाच शब्द शेवटचा. पण शेडमध्ये, दार लावून, दुसरे मत हवे. ते मत पगारी असो की बिनपगारी, पण ज्याने मागची नऊ वर्षे पाहिली आहेत त्याचे असावे. आणि मग मी त्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. दहा पावलांवर फक्कीची बादली घेऊन मी उभा होतो, तेही सांगितले. इतक्या वर्षांत ते मी मंडळात कुणाला सांगितले नव्हते. खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही.

खजिनदार म्हणाले, ‘काका, तुम्ही फुकट केलंत ना बावीस वर्षं? मग हिला तीन हजार का?’ माझ्याजवळ याचे उत्तर होते. मी म्हणालो, ‘माझा पगार कारखाना देत होता आणि घर बायको चालवत होती. म्हणून ते फुकट दिसलं तुम्हाला.’

नवे सर इतका वेळ गप्प होते. माणूस वाईट नाही. तरुण आहे, स्वतःच्या पायावर उभे राहून दाखवायचे आहे. त्यांनी विचारले, ‘ताईंकडे प्रत्येक मुलीची अशी नोंद आहे?’ मी म्हणालो, ‘वही नाही, सगळे फोनमध्ये आहे. पण आहे. तुम्ही मागितली का कधी?’ त्यांनी मान हलवली. मागितली नव्हती. आणि खरे सांगायचे तर तिनेही आपण होऊन दिली नव्हती. दिली तर नको म्हणतील, या धास्तीने. संकोचाची ही पेठ मला चांगली ठाऊक आहे.

अध्यक्षांनी विषय निकालात काढला नाही. मार्चपर्यंत आहे तसे चालू ठेवावे आणि हंगाम संपल्यावर पुन्हा पाहावे, असे ठरले. आमच्याकडे पुष्कळ गोष्टी अशाच ठरतात. बुटांचा विषय चौथा होता, तो वर्गणीवर ढकलला.

संध्याकाळी पाय मोकळे करायला मैदानावर गेलो. ताई एकटीच होती. सकाळी पाणी मारलेले, माती बसलेली, आणि ती खिळा ठोकून दोरीचे एक टोक बांधत होती. दोरी ताणायला दुसरे कुणी नव्हते. मला पाहून म्हणाली, ‘काका, जरा धरता का?’ मी टोक धरले. तिने फक्कीची बादली घेतली आणि वाकून मधल्या पाटीची रेघ ओढायला लागली. अर्ध्या रेघेवर आल्यावर न बघताच तिने विचारले, ‘सकाळी काय ठरलं?’

‘मार्चपर्यंत.’

ती रेघ संपवून माझ्यापाशी आली. हात झटकले, शेडकडे पाहिले.

‘मग आधी खांब रंगवून घेऊ या,’ ती म्हणाली. ‘आणि काका, उद्या सरांना थोडं लवकर यायला सांगाल का? मुली यायच्या आधी. मला त्यांना फोनमधलं दाखवायचंय.’